पडद्यावरचे हात आणि एकोणतीसचा पेच

१

रेवदंड्याजवळच्या आमच्या वाडीत नारळ मोजताना पहिल्या नारळाला 'एक' म्हणत नसत, 'लाभ' म्हणत. 'लाभ, दोन, तीन...' हा सूर दुपारभर पडवीत चालायचा. माझी थोरली बहीण जन्मापासून कर्णबधिर. तिला तो सूर कधी ऐकू आला नाही. पण पहिला नारळ उचलताना मोजणाऱ्याचे ओठ वेगळे हलतात आणि चेहरा जरा गंभीर होतो, एवढे तिने टिपले होते. म्हणून पहिला नारळ ती कपाळाला लावून मग ढिगावर ठेवी. पुढचे मोजणे तिच्या पद्धतीने. पाच नारळांचा एक गट, गटामागे एक खडा. व्यापारी आला की ती खड्यांची रांग त्याच्यापुढे करी. तिच्या हिशेबात एक नारळ इकडचा तिकडे होत नसे.

मी पुढे माध्यमिक शाळेत तीस वर्षे गणित शिकवले. 'आमची ताई शाळेत गेली नाही, पण गणित पक्कं,' असे मी किती जणांना सांगितले असेल! त्या सांगण्यात कौतुक होते, आणि शाळेवाचून तिचे काही अडले नाही अशी स्वतःची समजूतही होती. निवृत्तीनंतर कर्णबधिर मुलांच्या गणितशिक्षणाविषयी वाचू लागलो, तेव्हा २०११ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास हाती आला. एलिझाबेट स्पॅपेन, सुसान गोल्डिन-मेडो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निकाराग्वातील काही प्रौढ कर्णबधिर व्यक्तींना तपासले होते. या व्यक्ती कुठलीही प्रस्थापित सांकेतिक भाषा शिकलेल्या नव्हत्या. घरच्यांशी घरगुती खुणांनी बोलत. कामधंदा करत, पैसे हाताळत. तरीही वस्तू तीनहून अधिक झाल्या की त्यांची बोटे नेमकी संख्या सातत्याने दाखवू शकत नव्हती. दाखवत ती 'साधारण इतके'. भोवती आकड्यांचा समाज असून भागत नाही, नेमक्या मोठ्या संख्या मनात ठरण्यासाठी मोजणीची भाषा लागते, असा त्या अभ्यासाचा रोख आहे.

ते वाचताना एक जुनी दुपार आठवली. कुणा पोराने ताईचे खडे विस्कटले होते. ताईने आकडा आठवून खडे पुन्हा मांडले नाहीत. तिने सगळा ढीग मोडला आणि पहिल्यापासून मोजायला बसली. तेव्हा मला तिच्या चिकाटीचे नवल वाटले होते. पन्नास वर्षांनी कळले की तिच्याकडे आठवायला आकडाच नव्हता. तो खड्यांत होता.

संगणकावरील सजीव आकृतीच्या हातांनी कर्णबधिर मुलांना गणित शिकवण्याचे जे प्रयत्न गेल्या दोन दशकांत झाले, त्यांची समीक्षा या लेखात करायची आहे. मी तंत्रज्ञ नाही. गणिताचा शिक्षक आणि ताईचा भाऊ या दोन नात्यांनीच मी या आकृतीकडे पाहतो.

२

आधी आपल्याकडच्या गणिताचा स्वभाव पाहिला पाहिजे. मराठी गणित कानाने शिकायचे गणित आहे. दिवेलागणीचा परवचा, 'बे एके बे' चा ठेका, पावकी, निमकी, पाऊणकी, दीडकी, हे सारे अर्थाआधी नादाने मनात बसते. आमच्या किनाऱ्यावर भरतीची वेळ काढायला तिथीची पाऊणपट करतात. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. अंदाज ढोबळ, पण कामापुरता पुरेसा. पाऊणकी पाठ असलेल्या कोळ्याच्या पोराला तो चालता चालता येतो. ज्या पोराच्या कानावर पाऊणकी पडलीच नाही, त्याला हे साधे ज्ञान मिळण्याची वाट कुठली?

दुसरी अडचण संख्यानामांची. मराठीत 'बेचाळीस' म्हणताना आधी दोन आणि मग चाळीस येतात. लिहिताना मात्र आधी ४ आणि मग २. 'एकोणतीस' मध्ये दोनही नाहीत आणि नऊही नाहीत. तिसाला एक कमी, असा तो वजाबाकीचा शब्द आहे, आणि लिहायचे मात्र २९. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत हा पेच चालतो आणि नव्व्याण्णवला अचानक सुटतो. ऐकणारी मुलेही इथे अडखळतात. ओठ पाहून शब्द ओळखणाऱ्या मुलापुढे तर 'सदुसष्ट' आणि 'अडुसष्ट' यांत पहिल्या अक्षराएवढाच फरक असतो.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात जोडाक्षरी संख्यानामांच्या सोबतीला 'वीस एक', 'वीस दोन' अशी वाचनपद्धत आली, तेव्हा महाराष्ट्रभर गदारोळ झाला. थट्टाही पुष्कळ झाली. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर यांनी शांतपणे सांगितले होते की मुलांना संख्या सोप्या वाटाव्यात यासाठी हा पर्याय आहे. त्या चर्चेत भाषेच्या वैभवाची चिंता करणारे बरेच होते. पण ज्यांना ते वैभव ऐकूच येत नाही, त्या मुलांचा उल्लेख माझ्या वाचनात आला नाही. मीही तेव्हा केला नव्हता.

भारतीय सांकेतिक भाषेत शहरांतून दोन अंकी संख्या बहुधा लिहिलेल्या क्रमानेच दाखवतात: आधी दोन, मग नऊ. म्हणजे मराठी बोलणाऱ्याला जिथे ठेच लागते तिथे खुणांनी बोलणाऱ्याला सरळ रस्ता आहे. खुणांच्या भाषेकडे आपण एक तडजोड म्हणून पाहतो. निदान या एका बाबतीत ती गणिताच्या लिपीला आपल्या बोलीपेक्षा जवळची आहे.

कर्णबधिर मुलांची बुद्धी गणितात मुळातच मागे असते, हा समजही तपासून पाहिला गेला आहे. झार्फाटी, नुनेस आणि ब्रायंट यांनी २००४ साली तीन-चार वर्षांच्या मुलांना काही वस्तू दाखवून तेवढ्याच मांडायला सांगितल्या. एकामागून एक दाखवल्या तेव्हा कर्णबधिर मुले ऐकणाऱ्या मुलांच्या बरोबरीने होती. एकत्र, जागेत मांडून दाखवल्या तेव्हा त्यांच्या पुढे होती. शाळेच्या वयात मात्र हीच मुले मागे पडलेली दिसतात. मधल्या वर्षांत त्यांना काय मिळाले नाही, हा खरा प्रश्न आहे.

३

काय मिळाले नाही याचा इतिहास फार दूरचा नाही. १८८० साली मिलानच्या परिषदेत जमलेल्या, बहुतांशी ऐकू येणाऱ्या, शिक्षकांनी कर्णबधिरांच्या शाळांत बोलण्याचीच पद्धत वापरावी असा ठराव केला. त्यानंतर पाचच वर्षांनी, १८८५ मध्ये, मुंबईत देशातील कर्णबधिरांची पहिली शाळा उभी राहिली. पुढे शंभर वर्षे आपल्याकडच्या बहुतेक शाळांवर त्या ठरावाची सावली राहिली. वर्गात ओठ पाहायचे, आवाज काढायचा. हात चालायचे ते मधल्या सुट्टीत आणि वसतिगृहात. १९६० साली अमेरिकेत विल्यम स्टोकी यांनी खुणांना हाताचा आकार, जागा आणि हालचाल असे घटक असतात, म्हणजे ती पूर्ण भाषा असते, हे दाखवले. आपल्याकडे १९७० च्या दशकाच्या अखेरीस मदन वसिष्ठ, जेम्स वुडवर्ड आणि सहकाऱ्यांनी दिल्ली, कलकत्ता, बंगलोर यांच्याबरोबर मुंबईच्याही खुणा तपासल्या. १९८३ मध्ये वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था सुरू झाली. भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन व्हायला मात्र २०१५ साल उजाडले. त्या केंद्राच्या शब्दकोशाची १०,००० शब्दांची तिसरी आवृत्ती फेब्रुवारी २०२१ मध्ये आली. त्याआधी ऑक्टोबर २०२० मध्ये एनसीईआरटीची पाठ्यपुस्तके सांकेतिक भाषेत आणण्याचा करार झाला होता. ही सामग्री मुख्यतः माणसांच्या चित्रफितींची आहे.

सजीव आकृतीचा प्रवाह यापेक्षा वेगळा. गणितापुरता त्याचा सर्वांत ठळक नमुना म्हणजे अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठातील 'मॅथसायनर'. निकोलेटा अदामो-विलानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो या शतकाच्या पहिल्या दशकात लहान वर्गांसाठी तयार केला. भाषावैज्ञानिक रॉनी विल्बर या कामाशी जोडलेल्या होत्या. पडद्यावर त्रिमितीय पात्र, त्याच्या हातांत अमेरिकन सांकेतिक भाषा आणि समोर मोजणी, बेरीज, वजाबाकी.

अशी आकृती हलवण्याच्या ढोबळमानाने दोन रीती आहेत. एकीत सांकेतिक भाषा उत्तम येणाऱ्या माणसाच्या अंगावर खुणेचे ठिपके आणि हातात संवेदक मोजे चढवून त्याची हालचाल टिपतात आणि ती आकृतीला देतात. दुसरीत प्रत्येक खूण आधी लिहून काढतात: हाताचा आकार कोणता, तळवा कुठे वळलेला, हात शरीराजवळ कुठे, हालचाल कशी. हॅम्बुर्ग विद्यापीठात १९८० च्या दशकात यासाठी 'हॅमनोसिस' ही चिन्हलिपी घडली. इंग्लंडच्या ईस्ट अँग्लिया विद्यापीठाचा सहभाग असलेल्या युरोपीय प्रकल्पात ती संगणकाला वाचता येईल अशा रूपात आणली गेली. भारतीय सांकेतिक भाषेसाठीही या लिपीवर प्रयोग झाले आहेत. दुसऱ्या रीतीचा लाभ उघड आहे. लिहिलेली खूण काही किलोबाइटमध्ये मावते. नवा शब्द आला तर त्याच माणसाला पुन्हा कॅमेऱ्यापुढे उभे करावे लागत नाही. मुरूड-श्रीवर्धनच्या पट्ट्यात डोंगराआड गेले की मोबाइलची पट्टी नाहीशी होते, तिथे हा लाभ लहान नाही. आकृती हवी तेवढी हळू करता येते, फिरवून पाठीमागून पाहता येते, शंभरदा तीच खूण दाखवूनही कंटाळत नाही. शिक्षक कंटाळतो, हे मी स्वानुभवाने सांगतो.

४

आता उणी बाजू. किनाऱ्यावरच्या एका निवासी शाळेत अशाच एका प्रायोगिक पाठाचे प्रात्यक्षिक मी पाहिले. पाठ तयार करणाऱ्यांची निष्ठा दिसत होती. म्हणून नाव न घेता केवळ पाठाबद्दल लिहितो. उदाहरण असे होते: 'आज ४८ पापलेट मिळाली. ती कालच्यापेक्षा १९ ने जास्त आहेत. काल किती मिळाली?'

या उदाहरणाने ऐकणारी मुलेही फसतात. 'जास्त' दिसले की बेरीज करतात, आणि ६७ लिहून मोकळी होतात. पडद्यावरच्या आकृतीने मराठी वाक्य शब्दामागून शब्द असे दाखवले. आज, ४८, मासा, मिळणे, कालपेक्षा, १९, जास्त. 'पापलेट' हा शब्द तिच्या साठ्यात नसावा. त्याची अक्षरे तिने बोटांनी मांडली, आणि तीही इंग्रजी वर्णमालेची. मराठी माध्यमाच्या, कोळीवाड्यातून आलेल्या मुलीला पापलेट कसे दिसते हे पुरते ठाऊक होते. पण इंग्रजी अक्षरांच्या त्या माळेत तिला मासा दिसेना.

शेवटी आकृतीने 'किती' ची खूण केली आणि हात खाली घेतले. भारतीय सांकेतिक भाषेत प्रश्नवाचक खूण वाक्याच्या शेवटी येते, त्यामुळे क्रम बरोबर होता. पण उल्रिके त्सेशान यांच्यासारख्या अभ्यासकांनी दाखवून दिल्याप्रमाणे या भाषेचे बरेचसे व्याकरण हातांच्या बाहेर असते: भुवया, मान, नजर, खांद्यांचा कल. आकृतीचा चेहरा होता तसाच राहिला. मुलगी पडद्याकडे पाहत राहिली. आपल्याला काही विचारले आहे हेच तिला उमगले नव्हते.

मग तिथल्या मदतनीस बाई पुढे झाल्या. त्या स्वतः कर्णबधिर. त्यांनी 'आज' उजवीकडे मांडले आणि तिथे ४८ ठेवले. 'काल' डावीकडे मांडले आणि ती जागा रिकामी ठेवली. उजवा ढीग हाताने उंच दाखवला, डावा बुटका. दोन्हींमधल्या अंतरावर १९ ठेवले. मग भुवया आखडून, मान किंचित पुढे काढून त्यांनी रिकाम्या जागेकडे बोट केले. मुलीने पाटीवर वजाबाकी मांडली. २९.

त्या अर्ध्या मिनिटात मला माझ्या तीस वर्षांच्या फळ्यावरच्या कामातली एक उणीव दिसली. 'जास्त म्हणजे बेरीज नव्हे' हे मी ओरडून सांगत असे; बाईंनी ते हवेत मांडून दाखवले. जागेचा असा उपयोग हे सांकेतिक भाषेचे स्वतःचे सामर्थ्य आहे आणि तुलनेच्या गणिताला नेमके तेच हवे असते. शब्दामागून खूण ठेवणाऱ्या आकृतीने ते सामर्थ्य टाकून दिले होते. हातांनी ती मराठीच बोलत होती, आणि मुलीला अडचण मराठीचीच होती.

हा दोष यंत्राचाच आहे असे मी म्हणणार नाही. टिपलेल्या हालचालीतून जागेची मांडणी आणि भुवया दोन्ही आणता येतात. लिहिलेल्या खुणांतही चेहऱ्याच्या नोंदीची सोय आहे. दोष कामाच्या क्रमात आहे. आधी पुस्तकातले वाक्य, मग त्याचा शब्दशः अनुवाद, मग आकृती, आणि सर्वांत शेवटी, तपासण्यापुरता, कर्णबधिर माणूस. हा क्रम उलटा असायला हवा. बाईंसारख्या व्यक्तीने आधी उदाहरण तिच्या भाषेत रचावे, आकृतीने ते उचलावे. जागतिक कर्णबधिर महासंघ आणि सांकेतिक भाषा दुभाष्यांची जागतिक संघटना यांनी २०१८ साली काढलेल्या संयुक्त निवेदनाचाही सूर हाच आहे. कर्णबधिर व्यक्तींचा सल्ला घेऊन, आधी तयार करून ठेवायच्या ठरावीक मजकुरासाठी आकृती वापरावी. प्रत्यक्ष देवाणघेवाण असते तिथे माणसाच्या जागी ती बसवू नये.

५

मग या तंत्राची योग्य जागा कोणती? 'मॅथसायनर' च्या रचनेतली एक गोष्ट मला त्याच्या चित्रांपेक्षा मोलाची वाटते. तो मुलांबरोबरच त्यांच्या ऐकणाऱ्या पालकांसाठीही होता, त्यांना गणिताच्या खुणा शिकता याव्यात म्हणून. अमेरिकेतल्या पाहणीनुसार नव्वद टक्क्यांहून अधिक कर्णबधिर मुले ऐकणाऱ्या आईबापांच्या पोटी जन्मतात. आपल्याकडे २०११ च्या जनगणनेत श्रवणदोष असलेल्या व्यक्ती ५० लाखांहून अधिक नोंदल्या गेल्या. त्यांतल्या किती घरांत आईला 'सात' ची खूण येत असेल? रात्री होड्यांची वाट पाहत बसलेल्या आईच्या, आजीच्या मोबाइलवर ही आकृती असावी. तिथे ती कुणाची जागा घेत नाही. जागा रिकामीच आहे. ठरावीक खूण, हवी तेवढ्यांदा, न लाजता पाहायची, एवढेच तिथे काम असते, आणि ते ती चोख करते.

वर्गात मात्र माणूस हवा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या सतराव्या कलमात सांकेतिक भाषा जाणणारे शिक्षक नेमण्याची तरतूद आहे, आणि त्यांत दिव्यांग शिक्षकांचा स्पष्ट उल्लेख आहे. पडद्याचा खर्च दाखवायला सोपा असतो, त्याचे उद्घाटनही करता येते. मदतनीस बाईंना शिक्षिका करणे याला प्रशिक्षण, पद आणि पगार लागतो. माझी भीती एवढीच की पहिल्या खर्चाच्या आडोशाला दुसरा टाळला जाईल. तसे झाले तर सजीव आकृती ही मिलानच्या ठरावाची नवी आवृत्ती ठरेल. तिथे हात बंद केले होते, इथे ते पडद्यात ठेवले जातील.

गेल्या वर्षी मी स्वतः चित्रफिती आणि एक आकृती यांच्यावरून शून्य ते नऊच्या खुणा शिकलो. बहात्तराव्या वर्षी बोटे नीट वळत नाहीत, पण आकृतीने एकदाही कपाळाला आठी घातली नाही. भाऊबीजेला ताईकडे गेलो. ओवाळून झाल्यावर तिच्यापुढे सुपाऱ्यांची परडी ओढली आणि आधी दोन, मग नऊ अशी खूण केली. मनात 'एकोणतीसचा पेच सुटला' असा थोडा गर्वही होता.

ताईने बोटे नीट पाहिली. मग पाटावर दोन सुपाऱ्या ठेवल्या आणि शेजारी नऊ.

पडद्यावरच्या आकृतीने इथे पुढचे उदाहरण सुरू केले असते. मी त्या दोन सुपाऱ्या उचलल्या आणि त्यांच्या जागी दहा-दहाचे दोन ढीग मांडले. पुन्हा दोन दाखवले, ढिगांकडे बोट केले; नऊ दाखवले, सुट्या सुपाऱ्यांकडे बोट केले. ती बराच वेळ ढिगांकडे पाहत राहिली. मग तिने एका ढिगातल्या सुपाऱ्या एकेक करून मोजून पाहिल्या, दहा आहेत ना म्हणून, आणि ढीग परत जागेवर ठेवला. पाटावरचे सगळे एका हाताने बाजूला सारून तिने मला खूण केली: पुन्हा दाखव.